पाच लव्हेंडर

वास घ्यायची तिसरी कागदी पट्टी तिनं नाकाशी नेली आणि ती थबकली. दुखलं नाही, चक्कर आली नाही. गर्दीत कुणीतरी पाठीमागून खांद्यावर हात ठेवावा आणि आपण वळेपर्यंत तिथं कुणीच नसावं, तसं काहीतरी झालं. तिनं पट्टी खाली ठेवली, चष्मा काढून पुसला, वास्तविक चष्म्याचा आणि वासाचा काही संबंध नव्हता, आणि पुन्हा उचलली. खोलीत सकाळचा थंड, रंग नसलेला उजेड होता. या खोलीत फुलं आणायची नाहीत, चहा आणायचा नाही, केसांना तेल लावून यायचं नाही, असा तिचाच नियम होता आणि बावीस वर्षांत तो मालकिणीनंसुद्धा मोडला नव्हता. टेबलावर बोटभर उंचीच्या पाच तपकिरी बाटल्या होत्या, प्रत्येकीवर पेन्सिलीनं नुसता आकडा. कुठलं तेल कुठल्या बाटलीत आहे, ते केमिस्टकडच्या बंद पाकिटात. त्या पाचांतून एक निवडायचं होतं. त्याच्यावर पुढच्या वर्षीचा साबण, उशीवर शिंपडायचं पाणी आणि एक छोटंसं अत्तर, असं तिन्ही उभं राहणार होतं.

कारखान्यात तिला पाठीमागे सगळे 'नाक' म्हणत. 'नाक आलं का?' 'नाकाला विचारलं का?' तोंडावर अर्थात 'बाई'. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. आपल्याला नाक मुरडायचा पगार मिळतो, असं तीच एकदा म्हणाली होती आणि तो विनोद इतका फिरला की नव्या माणसांनी तो तिलाच सांगितला. आज मात्र ते नाक भलत्याच ठिकाणी खुपसलं गेलं होतं. पहिलं तेल तिला पट्टी वीतभर लांब असतानाच कळलं होतं. उंच डोंगरावरचं, थंड हवेतलं खरं लव्हेंडर: मऊ, पिकायला आलेल्या नासपतीच्या सालीसारखं, आणि त्याच्या मागे उन्हात वाळलेलं गवत. दुसरं त्याचंच सरळमार्गी भावंड, नाकासमोर चालणारं, दोष काढायला जागा नाही आणि लक्षात ठेवायलाही काही नाही. चौथं रानटी, सर्दीच्या मलमाच्या नात्यातलं. पाचवं प्रयोगशाळेत जोडलेलं, अंगाला सुरकुती नसलेलं, आणि अर्ध्या तासात सपाट होणार हे पहिल्या मिनिटालाच दिसत होतं. राहिलं तिसरं. तिसरं लव्हेंडिन होतं. दोन जातींच्या संकरातून आलेलं दणकट झाड, फुलांच्या गाडीमागे गाडी भरून तेल देणारं. कपडे धुण्याच्या पावडरीत, फरशी पुसायच्या पाण्यात, इस्पितळांच्या चादरीत सगळीकडे तेच. असली लव्हेंडिनं तिनं शेकड्यांनी हुंगली होती आणि शेकड्यांनी बाजूला सारली होती. पण यात कापराच्या उग्रपणामागे आणखी काहीतरी होतं, ओल्या लाकडासारखं, तापलेल्या इस्त्रीसारखं. तो वास तिनं आयुष्यात एकाच ठिकाणी घेतला होता: ताईच्या खोलीत. खरं म्हणजे आईच्या खोलीत, पण सहा वर्षं ताई त्याच खोलीत खाली गादी टाकून झोपत होती, तेव्हा खोली कुणाची म्हणायची.

तिनं कोपराच्या आतल्या बाजूला नाक लावलं. नाक थकलं की स्वतःच्या कातडीचा वास घ्यायचा, म्हणजे पाटी कोरी होते. नव्या मुलींना ती हेच शिकवायची. आज पाटी कोरी होईना. कोपरातही तोच वास आला. आणि त्या वासाबरोबर चादरी आल्या. पांढऱ्या, कडेला इस्पितळाचा निळा शिक्का मारलेल्या, जुन्या झाल्या म्हणून ताईनं रीतसर सही करून घरी आणलेल्या. ताई एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखात्यात होती, हाताखाली अकरा बायका आणि चार मशिनं. आईच्या डाव्या अंगावरून वारं गेलं त्या वर्षी ताईनं रात्रपाळ्या सोडून सकाळची पाळी घेतली, बढती सोडली, आणि बहुधा आणखीही काही सोडलं असेल, पण ते कधी कुणी विचारलं नाही. चादर रोज बदलायची, कधी दिवसातून तीनदा. शेवटच्या पाण्यात ताई धुलाईखात्यातल्या कॅनमधलं तेल टाकायची, बुचात मोजून. खोलीचं दार उघडलं की तो वास धावून अंगावर यायचा. ती दर रविवारी अकराच्या सुमाराला जायची आणि उंबरठ्यावरच तिचं नाक, कारखान्यात ज्याची आण घ्यायचे ते नाक, आपोआप आखडायचं. ताईला ते दिसायचं. ताईला सगळंच दिसायचं.

'बाई, कुठल्या गावाला गेलात?' केमिस्टनं दारातून विचारलं. हा माणूस पंधरा वर्षं तिच्याबरोबर होता आणि त्याला वासातलं काडीचं कळत नव्हतं, हे तो अभिमानानं सांगायचा. त्याचं मशीन तेलातला एकेक घटक वेगळा काढून कागदावर डोंगरांसारख्या रेघा काढायचं. त्या डोंगरांवर त्याचा जीव होता. 'मशीननं पहिल्याला शंभरपैकी शंभर दिलेत. तुमचं काय?'

'तिसरं कुणाचं आहे?'

'आधी नंबर द्या, मग पाकीट उघडू. तुमचाच नियम.'

'नियम राहू दे. तिसरं कुणाचं?'

त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. मग पाकीट फोडलं. 'जुनी कंपनी आहे. लाँड्रीवाल्यांना माल देतात, हल्लीच अत्तराच्या धंद्यात हात घालायला बघतायत. कापूर जास्त आहे. तुम्ही काढूनच टाकणार म्हणून मी तर खूणसुद्धा केली होती.' त्यानं कागद पुढे केला. तिसऱ्याच्या पुढे फुली होती. तिच्या वतीनं, तिच्या आवडीनिवडीची इतकी खात्री धरून मारलेली ती फुली बघून तिला कुणीतरी आपली नक्कल करून दाखवल्यासारखं वाटलं.

मालकीणबाई दुपारी आल्या. त्यांना तिन्ही वस्तूंना मिळून एकच तेल हवं होतं. एक पिंप, एक पुरवठादार, एक कटकट. 'पहिलंच घ्या ना,' त्या म्हणाल्या. 'मला तर बाई तेच आवडलं. महाग आहे, पण आपण दोन वर्षं थांबलोय चांगल्यासाठी.' तिनं सांगितलं, साबणात घालून बघते, सोमवारी सांगते. साबण हा दुष्ट प्रकार असतो. त्याच्यातल्या खारानं नाजूक तेलाचा नाजूकपणाच आधी मरतो. बाटलीत राणीसारखं मिरवणारं तेल वडीत चार दिवसांत मुकं होतं, आणि दांडगट तेल मात्र वडी झिजून पात होईपर्यंत बोलत राहतं. हे तिला तोंडपाठ होतं. तरी तिनं पांढऱ्या साबणाचा कीस केला, पाच वाट्यांत पाच तेलं मळली, थापून वड्या केल्या, आकडे टोचले आणि जाळीच्या कपाटात ठेवल्या. हात काम करत होते. मळताना तिसऱ्या वाटीतून वाफ आल्यासारखा तो वास वर आला. तिनं खिडकी उघडली. खाली रस्त्यावर एक माणूस सायकलची साखळी बसवत होता, पुन्हा पुन्हा निसटत होती, आणि ती किती तरी वेळ त्याच्या काळ्या झालेल्या बोटांकडे बघत उभी राहिली.

त्या सहा वर्षांत दर महिन्याला ती आईसाठी एक छोटी बाटली नेत असे. कारखान्यातलं उत्तमातलं उत्तम लव्हेंडर, डोंगरावरचं, जवळजवळ या पहिल्यासारखंच. 'आईच्या उशीला दोन थेंब लाव ताई, त्या कॅनमधलं नको. झोप शांत लागेल.' ताई बाटली घ्यायची, उजेडात धरून बघायची. 'लावते,' म्हणायची. पुढच्या रविवारी विचारलं की, 'हो, आईला आवडलं.' आणि खोलीत मात्र तोच राक्षसी वास. तिला वाटायचं, ताई विसरते. मग वाटायचं, ताई मुद्दाम करते. मग वाटायचं, ताईला फरकच कळत नाही, आयुष्य धुलाईत गेलं. हे तिसरं वाटणं सगळ्यांत सोयीचं होतं, म्हणून तेच तिनं धरून ठेवलं. ती रविवारी दोन तास बसायची, आईचा चांगला हात हातात घ्यायची, आई तोंड वाकडं करून हसायची. एक वाजता ताई म्हणायची, 'जा आता, तुझं जेवण खोळंबेल.' ती निघायची. जिन्यात उतरताना खोल श्वास घ्यायची, सुटल्यासारखा; आणि तो श्वास आपण घेतला हे तिला आज, इतक्या वर्षांनी, पायरीच्या आकड्यासकट आठवत होतं.

आई गेली त्याच्या चौथ्या दिवशी दोघींनी खोली आवरली. औषधं एका पिशवीत, आईचे कपडे दुसऱ्या. चादरींचा ढीग घड्या घालायला घेतला. चादरीच्या दोन टोकांना दोघी उभ्या होत्या, घडी घालताना जवळ यायचं, टोकं जुळवायची, पुन्हा लांब जायचं. तो वास मध्ये फडफडत होता. तीन दिवस ती रडली नव्हती. काहीतरी फुटायला हवं होतं आणि जे फुटलं ते रडू नव्हतं. ती म्हणाली, 'आईचा शेवटचा श्वास तरी लाँड्रीचा नको होता ग.' आवाज चढवून नाही, अगदी सहज. चहात साखर कमी आहे म्हणावं तसं. ताईचे हात थांबले. तिनं चादरीकडे बघितलं, मग हिच्याकडे. 'झालं तुझं बोलून?' ती म्हणाली. 'मग ते टोक धर नीट.' आणि उरलेल्या सगळ्या चादरींच्या घड्या त्यांनी न बोलता घातल्या. नऊ होत्या. ताई रागावली असती तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाला फोन करता येतो, समजूत घालता येते. न रागावलेल्या माणसाला काय म्हणायचं हे कळेना, म्हणून आज फोन करू, उद्या करू असं होत सात वर्षं गेली. मधे मावशीकडून कळलं की ताई निवृत्त झाली, जुनी जागा सोडली, दोन खोल्यांत राहते. मावशीनं पत्ताही दिला. तो कागद तिच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात इतका जुना झाला की घडीवर शाई उडाली होती, पण पत्ता पाठच होता. त्या भागात एकदा कामानिमित्त गेली तेव्हा ती वळसा घालून दुसऱ्या रस्त्यानं आली होती.

शनिवारी अर्धा दिवस. सकाळी तिनं वड्या काढल्या. पहिली गप्प झाली होती. नाक टेकवलं तर कुठं तरी तळाशी गवताची आठवण, बस. दुसरी आणि पाचवी तशाच. चौथी अंगावर ओरडत होती. तिसरी मात्र, तिनं डोळे मिटले, तिसरी स्वच्छ, ठाम, आणि पहिल्या दिवशीपेक्षा समजूतदार झाली होती. खारानं तिचा उग्रपणा थोडा कापला होता आणि लाकडाचा वास पुढे आला होता. हे तेल बाटलीतून हुंगायचं नव्हतंच. धुण्यासाठीच होतं ते. पाण्यात, साबणात, कापडात, जिथं काम पडतं तिथंच ते बरोबर होतं, आणि आपण ते सहा वर्षं उंबरठ्यावरून हुंगत होतो. तिनं पहिल्या आणि तिसऱ्या तेलाच्या नमुन्याच्या बाटल्या रुमालात गुंडाळल्या, कोऱ्या पट्ट्यांचं पुडकं घेतलं. 'घरी जरा शांतपणे बघते,' तिनं केमिस्टला सांगितलं. 'बघा की,' तो म्हणाला, 'पण घरी जायची वाट डावीकडे आहे.' कारण ती उजवीकडे वळली होती.

तिसरा मजला, जिना अरुंद, प्रत्येक दारापुढे चपला. दार ताईनंच उघडलं. केस पांढरे आणि कापलेले, त्यामुळे मान एकदम मुलीसारखी दिसत होती.

'छोटे,' ताई म्हणाली. मग, 'आत ये, दारात काय उभी? चप्पल तिथं नको काढू, मांजर नेतं.'

सात वर्षांचं सगळं बोलणं त्या मांजरानं नेलं. त्याच्याबद्दलच दहा मिनिटं बोलणं झालं. शेजारणीचं आहे, पण राहायला इथं असतं, फक्त डाव्या पायाच्या चपला नेतं. खोली लखलखीत होती. खाट, शिवणयंत्र, खिडकीत दोन कुंड्या. ताई शेजारपाजारच्या कपड्यांची दुरुस्ती करते म्हणे. 'हात रिकामे राहिले की भांडकुदळ होते मी,' ताई हसली. तिला खोलीत शिरल्यापासून काहीतरी खटकत होतं, काहीतरी नव्हतं, आणि मग कळलं: वास नव्हता. तो वास नव्हताच, पण दुसराही कुठला जपलेला, निवडलेला, माणसाचा वास नव्हता. ताईनं दूध तापत ठेवलं आणि बाहेर येऊन बसली. गुडघ्यांचं झालं, मावशीचं झालं, हिच्या नवऱ्याच्या रक्तदाबाचं झालं. मूळ बोलणं दोघींच्या मध्ये पाहुण्यासारखं अवघडून बसून होतं. ती पर्सच्या बंदाशी चाळा करत होती. आणि तेवढ्यात तिला करपल्याचा वास आला. आधी बारीक, मग कडू, दाट. ताई मांजराचंच काहीतरी सांगत होती, हसत होती. ती थांबली, ताई उठेल म्हणून. ताई उठली नाही. वास खोलीभर झाला तरी ताई बोलत होती.

'ताई, दूध!' म्हणत तीच धावली. भांड्याचा तळ काळा झाला होता, शेगडीवर साय करपून चिकटली होती. तिनं गॅस बंद केला, खिडकी उघडली. मागं वळून बघते तो ताई दारात उभी, चोरी पकडल्यासारखी.

'लागलं का?' ताई म्हणाली. 'एरवी मी इथंच उभी राहते, डोळ्यांसमोर. आज तू आलीस, विसरले. मला कळत नाही ग आता.'

'काय कळत नाही?'

'वास. तीन वर्षं झाली. ताप आला होता, पंधरा दिवस पडून होते. ताप गेला तो वास घेऊन गेला.' ताईनं भांडं उचलून नळाखाली धरलं. 'डॉक्टर म्हणाले, रोज काहीतरी हुंगत राहा, येईलही परत. लवंग हुंगते, साबण हुंगते. पहिल्या वर्षी फार मन लावून केलं. आता सवय म्हणून. बरंच आहे एका परीनं, जिन्यातल्या कचऱ्याचा त्रास नाही.'

बावीस वर्षं जिच्या नाकाचं कौतुक चाललं होतं ती, आणि ताई. एकाच घरातली दोन नाकं. ती ओट्याशी उभ्या उभ्याच म्हणाली, 'ताई, मी त्या दिवशी जे बोलले,' आणि शेगडीवर फडकं फिरवू लागली.

'कुठल्या दिवशी?' ताई म्हणाली. मग भांडं घासायचं थांबवून, 'माहीत आहे मला कुठल्या दिवशी. नको उगाळू. पण तुला एक सांगायचं राहिलंय. तुझी बाटली आईला कधी लावलीच नाही मी.'

'आईला आवडलं म्हणायचीस.'

'एकदा लावली पहिल्यांदा. आईनं हुंगलं, मान हलवली. काहीच येत नाही म्हणाली. शेवटी शेवटी तिचंही नाक मंदावलं होतं. तिला त्या कॅनमधलंच हवं असायचं. चादर बदलली की नाकाशी ओढून घ्यायची आणि म्हणायची, हां, आता कळतंय. त्या उग्रातलं काय तिला जाणवायचं देव जाणे, पण तेवढ्यानं तिला वाटायचं आपण अजून आहोत. तुला कसं सांगायचं? तू इतक्या हौसेनं आणायचीस.'

'मग त्या बाटल्या?'

ताई ओशाळली. पासष्टीच्या बाईचा चेहरा असा मुलीसारखा ओशाळतो हे तिनं पहिल्यांदा पाहिलं. 'मी लावायचे,' ताई म्हणाली. 'दुपारी आई झोपली की. एक थेंब इथं, मनगटावर. तेवढा वेळ मला वाटायचं कुणीतरी येणार आहे. कोण ते काही नाही, आपलं उगीच. खिडकीत बसायचे. सहा वर्षांत बहात्तर बाटल्या झाल्या असतील, एक थेंब आईला नाही. आईच्या नावावर आणलेलं मी चोरून लावलं. म्हणून त्या दिवशी तू बोललीस तेव्हा मला वाटलं, हिला कळलंय. मला तुझ्या तोंडाकडे बघवेना.'

बाहेर कुणीतरी जिना चढत होतं, दारापुढून वर निघून गेलं. म्हणजे सात वर्षं दोघीही एकाच दिवसाची लाज दोन टोकांनी धरून उभ्या होत्या, हे तिच्या लक्षात यायला वेळ लागला. आणि आलं तेव्हा हसू आलं, मग रडू आलं, आणि ताईनं ओल्याच हातानं तिच्या पाठीत एक चापटी मारली. 'गप. दूध गेलं ते गेलं, चहा कोराच पिऊ.'

चहा झाल्यावर तिनं रुमाल सोडला. पट्ट्या बुडवल्या. तिसरी आधी दिली. ताईनं पट्टी सवयीच्या माणसासारखी धरली आणि ओढून श्वास घेतला. थांबली. 'गार लागलं,' ती म्हणाली. 'वास नाही, पण आत गार लागलं. नाकाच्या मुळाशी. आईला हेच लागत असेल का ग?' तिनं पुन्हा श्वास घेतला, पुन्हा, मग पट्टी बशीत ठेवली. 'आता ते दे. तुझं.' तिनं पहिली पट्टी पुढे केली. ताईनं डोळे मिटले. तिचा सगळा चेहरा नाकाकडे गोळा झाला, कपाळाला आठ्या पडल्या, ओठ किंचित उघडले. बराच वेळ. खालच्या रस्त्यावर एक मोटार सुरू व्हायला मागत नव्हती. ताईनं डोळे उघडले. 'काही नाही,' ती म्हणाली आणि पट्टी परत न देता हातातच धरली. 'सांग.'

'काय सांगू?'

'कसा येतोय ते. तोच आहे का?'

'तोच आहे. वरती एस्टर आहेत, म्हणजे थोडी फळाची बाजू, मग मधे...'

'माणसांसारखं सांग.'

बावीस वर्षं तिनं वासाचे अहवाल लिहिले होते. टवटवीत, गोलाकार, पावडरी, गवताळ. त्या शब्दांचा साचा ठरलेला होता आणि ते शब्द आता तोंडात कागदासारखे लागत होते. तिनं पट्टीवर, ताईच्या हातातच, वाकून नाक लावलं. 'उन्हात वाळलेला टॉवेल असतो ना,' ती म्हणाली, 'दुपारी तीनच्या सुमाराला, दोरीवरून काढलेला, अजून गरम. त्यात तोंड घातलंय.' ताई ऐकत होती. 'जवळ कुणीतरी नासपती सोलतंय. बोलत नाहीये. घाई नाहीये कुणाला.' 'हां,' ताई म्हणाली. 'आणि मग?' 'मग तो माणूस उठून जातो, पण ताटली तिथंच ठेवून जातो. साल सुकत जाते. आपण बसलोय.' 'खिडकीत,' ताई म्हणाली. 'खिडकीत,' ती म्हणाली. ताईनं मान हलवली आणि पट्टी पुन्हा नाकाशी नेली, आणि तिला दिसलं की ताईला काहीही येत नाहीये, आणि तरी ताई तिथं पोचली आहे, आणि पोचूनही तिथं काही नाहीये. दोन्ही एकदमच तिच्या तोंडावर होतं.

सोमवारी तिनं सांगितलं, साबणाला आणि उशीच्या पाण्याला तिसरं. केमिस्टनं कानात बोट घालून हलवलं. मालकीणबाई म्हणाल्या, 'तुम्ही? लव्हेंडिन?' तिनं वड्या पुढे केल्या आणि त्यांनाच हुंगायला लावल्या. पहिल्या वडीवर त्या थबकल्या, उलटसुलट करून पाहिली, आपल्या आवडत्या तेलाचं काय झालं म्हणून. तिसरीवर त्यांचे खांदे खाली आले. 'अत्तराला मात्र पहिलंच लागेल,' ती म्हणाली. 'एकच म्हटलं होतं मी.' 'एकात दोन्ही होत नाही, मॅडम. मीही फार वर्षं तसंच समजत होते.' बराच खल झाला. शेवटी अत्तर पुढच्या साली बघू असं ठरलं, म्हणजे बहुधा कधीच नाही, हे तिथल्या सगळ्यांना कळलं. तिला वाईट वाटलं, आपल्याला वाटायला हवं होतं तेवढंच. केमिस्टनं पहिल्या तेलाची उरलेली बाटली उचलून विचारलं, 'हे परत पाठवू?' 'नको,' ती म्हणाली. 'ते दिलंय.'

त्या आठवड्यात काम संपवून ती संध्याकाळी उजेडीच ताईकडे गेली. मांजर दारातच होतं, तिनं चप्पल आत नेऊन ठेवली. ताई कुणाच्या तरी कोटाला अस्तर लावत होती. तिनं बाटली यंत्रावर ठेवली. ताईनं सुई खोचली, बाटली उजेडात धरून बघितली, बूच काढून सवयीनं नाकाशी नेली, क्षणभर वाट पाहिली. मग एक थेंब डाव्या मनगटावर टाकून उजव्या मनगटानं चोळला, अगदी सराईतपणे.

'अग, पण तुला तर,' ती म्हणाली आणि थांबली.

'मला नाही कळत,' ताई म्हणाली. 'पण शेजारीण आत्ता येईल मांजर न्यायला, तिला कळेल. आणि विचारेल, आज काय हे? फार चौकस आहे ती.' ताईनं बाही नीट केली, मनगट उघडं राहील अशी. 'मग मी सांगेन, माझ्या बहिणीनं आणलंय. माझ्यासाठी.'